एकाहून अधिक रेकॉर्डर एकतालात चालवण्याची पार्श्वभूमी

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्यात कौपिनेश्वराच्या पालखीसह निघणाऱ्या स्वागतयात्रेचे ध्वनिमुद्रण करायचे झाले, तर आठ ट्रॅकचा एक रेकॉर्डर पुरत नाही. ढोल, ताशा, झांज, घोषणा आणि दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांचा गलका, असे सगळे वेगवेगळे हवे असते. शिवाय एक पथक पुढे आणि दुसरे दीडशे-दोनशे मीटर मागे असल्याने दोन रेकॉर्डरमध्ये केबल टाकण्याचा प्रश्नच येत नाही. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा दोन रेकॉर्डरसमोर एकदा टाळी वाजवली, दोन्ही यंत्रे सुरू केली आणि निर्धास्तपणे चालू लागलो. दोन तासांनंतरच्या फाइली संगणकावर एकाखाली एक ठेवल्या, तेव्हा सुरुवातीची टाळी तंतोतंत जुळत होती. शेवटी मात्र ताशाच्या काडीचा एकच ठोका दोनदा पडल्यासारखा ऐकू येत होता. फरक होता सुमारे ८६ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने दोन फ्रेमपेक्षा थोडा अधिक.

त्या दोन यंत्रांचा वेग ठरवणाऱ्या स्फटिक-घड्याळांत दहा लाखांत बारा भाग इतकीच तफावत होती, आणि साध्या घड्याळांच्या मानाने ती मुळीच वाईट नाही. चूक यंत्रांची नव्हती, माझ्या समजुतीची होती. रेकॉर्डर एकाच क्षणी सुरू होणे आणि ते एकाच वेगाने चालत राहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे त्यांपैकी एक सोडवून दुसरीही सुटली असे मानण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात वेगापासून झाली. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते स्तेफान कुदेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिला नाग्रा टेप रेकॉर्डर बनवला. नाग्रा या पोलिश शब्दाचा अर्थच ‘ध्वनिमुद्रित करील’ असा आहे. १९५८ च्या नाग्रा ३ या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या यंत्राने चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण करणे खऱ्या अर्थाने सुटसुटीत केले. पण चुंबकीय फीत ताणली जाते, घसरते, आणि तिला चित्रफितीसारखी छिद्रे नसतात. म्हणून कॅमेऱ्याच्या मोटरशी बांधलेला ५० किंवा ६० हर्ट्झचा पायलट टोन आवाजासोबत फितीवर नोंदवला जाई आणि नंतर उतरवून घेताना त्यावरून फितीचा वेग सावरला जाई. पुढे कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोघांनाही स्फटिक-नियंत्रण मिळाले आणि मधली केबल गेली. सुरुवात जुळवायला क्लॅप होताच.

दोन ध्वनिमुद्रक एकमेकांना जोडण्याचे एक गाजलेले उदाहरण चित्रपटातले नसून स्टुडिओतले आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या एका गाण्यासाठी चार ट्रॅक अपुरे पडले, तेव्हा केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका यंत्राच्या एका ट्रॅकवर ५० हर्ट्झचा सूर नोंदवून त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली. वेग जुळला, पण दोन्ही यंत्रे सुरू करायची ती हाताने, अंदाजाने.

त्याच सुमारास उलट बाजूने उत्तर येत होते. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ईईसीओ या कंपनीने व्हिडिओ टेपच्या संकलनासाठी टाइमकोड आणला आणि पुढे एसएमपीटीई या अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने त्याचे प्रमाणीकरण केले. प्रत्येक फ्रेमला ८० बिटांचा पत्ता मिळाला, तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा. फीत कुठूनही सुरू केली तरी जागा सापडू लागली. पण पत्ता म्हणजे वेग नव्हे. शिवाय हा पत्ता फ्रेमपुरताच नेमका असतो, आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८,००० मोजण्या (सॅम्पल) घेतल्या तर, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेममध्ये १,९२० सॅम्पल मावतात. संवाद ओठांशी जुळवायला एवढे पुरते, ताशाला पुरत नाही.

आपल्याकडे ही निकड उशिरा आली. कॅमेऱ्यांच्या घरघरीमुळे हिंदी चित्रपटांत दीर्घकाळ स्थळावरचा आवाज केवळ डबिंगच्या मार्गदर्शनापुरता घेतला जाई. २००१ च्या ‘लगान’मध्ये नकुल कामटे यांनी केलेल्या सिंक साउंडनंतर, म्हणजे चित्रीकरणावेळीच घेतलेल्या आवाजानंतर, चित्र बदलत गेले. आज घोडबंदर रस्त्यावरच्या मालिकांच्या सेटवरही प्रत्येक कलाकाराला लेपल (कपड्यांवर लावायचा छोटा मायक्रोफोन) लावून वेगळा ट्रॅक घेण्याची अपेक्षा असू शकते.

वेळ आणि वेग एकत्र बांधण्याचे काम सर्वसामान्य वादकाच्या आवाक्यात आणले ते १९९० च्या दशकातल्या आठ-ट्रॅक डिजिटल टेप यंत्रांनी. अलेसिसचा एडॅट एस-व्हीएचएस कॅसेटवर, तर टॅस्कॅमचा डीए-८८ हाय-८ कॅसेटवर चाले. एका केबलने सोळा यंत्रे जोडली की १२८ ट्रॅक मिळत आणि ते सॅम्पलपर्यंत जुळलेले राहत. मात्र एडॅटची नेहमीची कॅसेट चाळीसएक मिनिटांत संपे, त्यामुळे ख्याल रंगात असताना कॅसेट बदलण्याची वेळ येई. हार्ड डिस्कने ही अडचण संपवली. साउंड डिव्हाइसेसच्या ७८८टी (२००८) सारख्या रेकॉर्डरला सी-लिंक या केबल-जोडणीने दुसऱ्याची जोड देता येई. नंतर ३२ वा अधिक ट्रॅकची एकसंध यंत्रेही आली.

तरीही रस्त्यावरच्या यात्रेत केबल टाकता येत नाही, आणि तिथे अंतराचा आणखी एक गुंता आहे. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटर दूरच्या मायक्रोफोनपर्यंत ताशा २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. पथक हलते तसा हा उशीरही हलतो. घड्याळाची घसरण कोणती आणि अंतराचा उशीर कोणता, हे केवळ लहरी पाहून सांगणे कठीण असते. म्हणून घड्याळ संशयापलीकडचे असावे लागते.

त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डरवर तापमान-भरपाई असलेल्या स्फटिकाची डबी लावतात. सुरुवातीला सगळ्या डब्या जॅम करायच्या, म्हणजे एकाच वेळेवर जुळवायच्या, आणि मग सुट्या करायच्या. चांगल्या डबीची घसरण तासाला काही मिलिसेकंदांच्या आत राहते. पण खिशात मावणाऱ्या अनेक डब्या फक्त टाइमकोड देतात, वर्ड क्लॉक (प्रत्येक सॅम्पल कधी घ्यायचे ते ठरवणारा संकेत) नाही, आणि मग रेकॉर्डर सॅम्पल घेतो ते स्वतःच्याच घड्याळाने. काही रेकॉर्डर येणाऱ्या टाइमकोडवरून घड्याळ सावरतात, पण तो पर्याय मेन्यूत शोधून चालू करावा लागतो. बाजारात ‘सिंक’ हा एकच शब्द वेळ आणि वेग या दोन्हींसाठी वापरला जातो, ही तक्रार जुनी आहे.

आता मी मंदिराच्या आवारात डब्या जॅम करतो आणि वर्ड क्लॉकच्या बीएनसी केबली हलवून पाहतो. यात्रा संपल्यावर दोन्ही रेकॉर्डर पुन्हा शेजारी ठेवून दुसरी टाळी वाजवतो. गेल्या पाडव्याला त्या दोन टाळ्यांमधले अंतर दोन्ही फाइलींत मोजले, तेव्हा फरक ५७ सॅम्पलचा निघाला.