निवासी सांभाळ आणि न्हाणीतले प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या प्रौढ दिव्यांगांच्या निवासी संस्थांची तपासणी होते तेव्हा खाटा मोजल्या जातात, धान्याचा साठा बघितला जातो, हजेरीपट चाळला जातो. सकाळी सहा ते आठ या वेळात न्हाणीत काय चालतं, तिकडे क्वचितच कोणी डोकावतं. तिथे राहणाऱ्या माणसाचा दिवस मात्र न्हाणीतच ठरतो. पाणी कोमट आहे की गार, आंघोळ घालणारं माणूस बाई आहे की पुरुष, दाराला कडी आहे का, टॉवेल स्वतःचा आहे की दहा जणांत एक. या साध्या गोष्टींना हक्काचं रूप यायला फार वर्षं गेली, आणि आलं तेही अर्धवट.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. १९१२मध्ये वेडाविषयीचा कायदा आला, त्याचं सगळं लक्ष बंदोबस्ताकडे. सांभाळ घरीच व्हायचा. धाब्याच्या घरात ओसरीवर एक गोधडी, आई असेतो आई, मग भावजय. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही खानदेशात नाही. जळगावहून माणूस ठाण्याला पोचवायचा म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या घराला एवढ्या लांब भेटीला पुन्हा पुन्हा जाणं झेपत नाही. मग बरा झालेला माणूसही तिथेच राहून जातो.

आपल्या बाजूला निवासी सोय उभी राहिली ती बहुतेक करून शाळा किंवा बालगृह म्हणून. ‘मतिमंद बालगृह’ या शब्दाने पुढे बराच घोळ घातला. मुलं मोठी झाली, पाटी तीच राहिली. दाढी आलेल्या, पाळी सुरू होऊन वीस वर्षं झालेल्या माणसांना ‘पोरं’ म्हणायची सवय पडली. पोरांना एका रांगेत उघडं उभं करून पाण्याचे तांबे ओतले तर कोणाला वावगं वाटत नाही. तीच रांग पंचविशीतल्या माणसांची असली तरी वाटेनासं झालं. ‘सांभाळ’ हा आपला शब्दही तसाच भोंगळ. गुरं सांभाळतात, घर सांभाळतात, ठेवीही सांभाळतात. ‘आम्ही नीट सांभाळतो’ असं संस्था म्हणते तेव्हा माणूस हरवला नाही, पडला नाही, उपाशी नाही, एवढंच त्यातून कळतं. त्याला आज कोणी विचारून आंघोळ घातली का, हे कळत नाही.

या सगळ्याला तोंड फुटलं ते खानदेशाबाहेर. फेब्रुवारी १९९४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका सरकारी निवासी संस्थेतल्या ११ बौद्धिक अक्षम मुली-स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं मासिक पाळीच्या स्वच्छतेचं. त्यांना पाळीतली कापडाची घडी बदलता येत नाही, कपडे खराब होतात, हाताला लागलेलं त्या कुठेही पुसतात. स्त्री संघटनांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत वाद पेटला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी त्या वेळी जळगाव जिल्ह्यात एका निवासी शाळेवर होते. आमच्यातही दोन तट पडले, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलणाऱ्यांत दुष्ट कोणी नव्हतं. तीस मुलींमागे दोन मावश्या, पाणी दिवसाआड, धुण्याचा दगड एकच. महिन्यातले ते चार दिवस ज्यांनी काढले होते, त्यांना हा मार्ग सुटकेचा वाटला. काही आयांनाही वाटला. ‘आमच्या मागे हिचं कोण करेल?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आजही नाही.

तरीही तो निर्णय चूक होता असंच माझं मत आहे, आणि त्याची कारणं न्हाणीतच सापडतात. जिला घडी बदलता येत नाही तिला बहुधा संडासनंतर धुताही येत नाही. म्हणजे स्वच्छतेचं काम पाळी बंद करून संपत नाही. शिकवण्याची खटपट किती झाली होती, हा त्याआधीचा प्रश्न. विशेष शिक्षणात स्वमदत कौशल्यं शिकवायची एक जुनी रीत आहे. एका कामाचे लहान लहान टप्पे पाडायचे, आधीचे सगळे आपण करून द्यायचे आणि शेवटचा तेवढा तिला करू द्यायचा. तो जमला की त्याच्या आधीचा. वापरलेली घडी कागदात गुंडाळून डब्यात टाकणं हा शेवटचा टप्पा. पुष्कळ मुली तो काही महिन्यांत शिकतात, काही पुढेही जातात, थोड्यांना कायम हात द्यावा लागतो. पण रोज तेच माणूस, तोच क्रम, तेच शब्द लागतात, आणि तीस जणींमागे दोन मावश्या असल्या की ते होत नाही. मावश्यांची संख्या वाढवायचा खर्च टाळून त्याची भरपाई त्या मुलींच्या शरीरातून करून घेतली, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. दुसरी बाब उघड बोलायला लोक कचरत. गर्भ राहण्याच्या भीतीपोटीही या शस्त्रक्रियेची तरफदारी होत होती. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा दिसेनासा होतो.

त्यानंतरची पावलं पटापट सांगता येतात. १९९५चा अपंग व्यक्तींचा कायदा शिक्षण, नोकऱ्या आणि सवलतींभोवती फिरला. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालकत्वाची वाट काढली. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली स्थानिक समित्या आल्या. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडी इथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, तेव्हा निवासी जागांकडे देशाचं लक्ष वळलं. २००७मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २०१०मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहातल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१५मध्ये राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या समूहनिवासाची ‘घरौंदा’ योजना नव्या रूपात आणली.

१९९४च्या वादाचं कायद्यातलं उत्तर दिसतं ते २०१६ आणि २०१७मध्ये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ म्हणतो की समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं विसावं कलम तर थेट न्हाणीत शिरतं. स्वच्छता, खासगीपणा, नीट कपडे, पौष्टिक अन्न, पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू, इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, आणि सक्तीने डोकं न भादरण्याचा हक्क. हे शेवटचं वाचून मी थांबले होते. मार्च उजाडला की उवा होतात, पाणी कमी पडतं, उन्हाचा पारा चढत जातो, म्हणून आमच्याकडे मुलींचे केस सरसकट कापले जायचे. एक मुलगी नंतर कितीतरी दिवस डोक्यावर रुमाल धरून फिरायची आणि म्हणायची, ‘माले लाज वाटस.’ तिच्या बोलण्याला नियमाचा आधार मिळायला २०१७ उजाडलं.

गुंता असा की ही तपशीलवार यादी मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी, म्हणजे मनोरुग्णांच्या उपचाराच्या जागांसाठी आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात मोडत नाही. भांडण सुरू झालं बौद्धिक अक्षम स्त्रियांच्या संस्थेतून, यादी मिळाली दुसऱ्यांना. २०१६च्या कायद्यात अमानुष आणि अवमानकारक वागणुकीपासून संरक्षण आहे, समाजात राहण्याचा हक्क आहे, वैयक्तिक साहाय्याचा उल्लेख आहे. पण कंगवा, टॉवेल, केस, घडी यांची नावं नाहीत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला आपण काय बघावं, हे त्याच्या मनावर राहतं. बऱ्या झालेल्या मनोरुग्णांसाठीही घराजवळच्या आधारनिवासाची तरतूद २०१७च्या कायद्यात आहे. तरी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं की अशा माणसांना भिक्षेकरीगृहात किंवा तसल्या कोंडीच्या जागी हलवणं थांबवा.

चांगल्या शुश्रूषेचं मोजमाप करायचं तर ते बारीकच असणार. फिटसाठी फेनिटोइन चालू असलेल्या बऱ्याच जणांच्या हिरड्या सुजून वाढतात. त्यांचे दात दोन वेळा नीट घासले गेले नाहीत तर चावणं अवघड होतं. मेंदूचा पक्षाघात असलेल्याला आडवं धरून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला ताठ बसवून, कळण्याची भाकरी वरणात मऊ कुस्करून, सावकाश द्यावी लागते. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात. खरूज एकाला झाली तर एका खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती फिरत राहते. आणि भाषा. नंदुरबारच्या वरच्या पाड्यांतून आलेल्या, फक्त पावरी किंवा भिली समजणाऱ्या माणसाला अनोळखी हाताने शब्दाविना कपडे उतरवले तर तो झटापट करणारच. नोंदवहीत ते ‘आक्रमक वर्तन’ म्हणून लिहिलं जातं.

आता नवा टप्पा समोर आला आहे. नव्वदच्या दशकात बालगृहांत आलेली मुलं पंचेचाळीस-पन्नाशीची झाली आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंश गाठू शकतो, आणि वीस वर्षांपूर्वी कष्टाने शिकलेलं संडासला जाणं, बटणं लावणं एकेक करून सुटत जातं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला न्यायला येणारे आईवडील बऱ्याच जणांचे राहिलेले नाहीत. भाचे येतात, काहींचं कोणीच येत नाही. काळजीवाहक पदांची मांडणी मात्र अजून मुलांना गृहीत धरून आहे. सत्तर किलोच्या माणसाला कमोडवर बसवायला दोघी लागतात, आणि ज्यांनी त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर घेतलं त्या मावश्यांचे गुडघे आता साठीकडे आले आहेत.