फाइल चांगलीच आहे, खर्ज खोलीत अडकलाय

गेल्या आठवड्यात एका मित्राने मला एक जाहिरात पाठवली. तिच्यात ध्वनीची एक वळणदार लाट होती आणि शेजारी तीच लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी दातेरी. साध्या डिजिटल फाइलमधून या पायऱ्या ऐकू येतात, आमच्या यंत्रातून मात्र सलग लाट येते, असा दावा. मित्राने विचारलं, "घेऊ का?"

मी लगेच नको म्हटलं, कारण ते चित्रच चुकीचं आहे. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लाटेची उंची मोजून घेतलेले आकडे असतात. हे नमुने म्हणजे पायऱ्या नव्हेत, नुसते ठिपके. आता अट अशी घाला की लाटेत २२,०५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, खालचेच स्वर हवेत (माणसाचा कान जेमतेम २०,००० पर्यंत पोचतो). मग त्या सगळ्या ठिपक्यांमधून एकच लाट जाऊ शकते, दुसरी नाही. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या निबंधात याची गणिती सिद्धता आहे. फोनमधला किंवा अॅम्प्लिफायरमधला डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप) तीच गुळगुळीत लाट पुन्हा उभी करतो. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवलं आणि कोणतं कुठलं ते ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली जवळपास निम्मी. नाणं उडवूनही तेवढीच येतात.

तेव्हा गाण्याच्या अॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा 'लो' वर राहिलेला नाही ना, एवढं बघा आणि फाइलची काळजी सोडा. आवाज बिघडतो तो स्पीकरमधून बाहेर पडल्यावर, आपल्याच खोलीत.

माझं उदाहरण सांगतो. माझ्या खोलीची लांबी चार मीटर. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवलेली. तबला ऐकताना डग्ग्याचा घिस्सा (तळहात सरकवून चढवलेला घुमारा) चढत चढत एका ठरावीक उंचीवर आला की भसकन फुगायचा आणि पुढे गेला की पुन्हा बारीक व्हायचा. वादकाचा हात असा नव्हता, कारण हेडफोनवर तोच घिस्सा एकसंध ऐकू येत होता.

याचं कारण स्थिर तरंग. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. चार मीटरच्या खोलीत एका भिंतीवरून निघून समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचं तर आठ मीटरचा फेरा होतो. ज्या स्वराची तरंगलांबी बरोबर आठ मीटर, म्हणजे ४३ हर्ट्झ, त्याची परतलेली लाट नव्या लाटेशी तंतोतंत जुळते. झोपाळा परत आला की नेमक्या क्षणी ढकलावा, तसं प्रत्येक फेऱ्याला बळ मिळत जातं. दुप्पट वारंवारतेला, ८६ हर्ट्झला, हेच घडतं. पुढे १२९ लाही. माझा घिस्सा फुगत होता तो ८६ पाशी.

पण हे बळ खोलीभर सारखं पसरत नाही, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हा भाग. भिंतीला लागून असलेली हवा पुढेमागे हलूच शकत नाही, भिंत आडवी येते. हलता येत नाही म्हणून ती दाबली जाते. म्हणून भिंतीपाशी दाबाची चढउतार सर्वांत जास्त आणि हवेची हालचाल शून्य. तिथून पाव तरंगलांबी पुढे आलं की उलटं: हवा जोरात हलते, पण दाब बदलत नाही. कानाचा पडदा दाबाला दाद देतो, त्यामुळे अशा जागी बसलेल्या माणसाला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. ८६ हर्ट्झची पाव तरंगलांबी एक मीटर. ४३ ची दोन मीटर, म्हणजे माझ्या खोलीचा ऐन मध्य.

जाड पडदे लावूनही खर्ज का आवरत नाही, तेही यातच आलं. कापड किंवा कापूस आवाज शोषतो तो घर्षणाने. त्याच्या धाग्यांतून हवा हलली तरच आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते. पडदा लटकतो भिंतीलगत, जिथे खर्जाची हवा हलतच नाही. ४,००० हर्ट्झची पाव तरंगलांबी मात्र दोनच सेंटिमीटर, म्हणून भिंतीपासून थोडा सुटा पडदा तो स्वर सहज गिळतो. पडद्यांवर पडदे लावत गेलं की झांजांची चमक जाते आणि घुमणारा खर्ज तसाच राहतो. खर्जाला हवेत कोपऱ्यातले चांगले जाडजूड शोषक, भिंतीपासून पुढे हवा हलते तिथवर पोचणारे.

केबल बदलल्याने खर्ज मऊ होतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. डिजिटल केबलमधून जातात ते आकडे. ते बिघडले तर टकटक होईल किंवा आवाज तुटेल. फक्त डग्गाच गोड होईल असं आकड्यांना जमत नाही. तुलना करायचीच तर दोन्ही आवाज समान पातळीवर ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला बहुधा चांगला वाटतो.

तुमच्या खोलीची लांबी मीटरमध्ये मोजा आणि ३४३ ला तिच्या दुपटीने भागा. येईल ती वारंवारता टोन जनरेटर अॅपवर लावून मोठ्या स्पीकरवर हळू आवाजात वाजवा (फोनच्या स्पीकरला ती झेपत नाही) आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. मध्यावर आवाज विरतो, भिंतीपाशी पुन्हा भरून येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो.

मी खुर्ची आधी भिंतीपासून एक मीटर पुढे घेतली. फुगवटा गेला, पण घिस्सा मध्येच गायब होऊ लागला. इक्वलायझरवर ८६ हर्ट्झ वाढवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही: तिथे दोन लाटा एकमेकींना खोडत असतात, वाढवल्या की दोन्ही सारख्याच वाढतात आणि तशाच खोडल्या जातात. मग खुर्ची दीड मीटरवर आणली, म्हणजे लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. ध्वनिमुद्रणाच्या खोल्या बांधणारे अनेकजण सुरुवात अशाच अंतरापासून करतात. थोडा फुगवटा उरला होता, तो इक्वलायझरवर ८६ पाशी चार डेसिबल उतरवल्यावर बसला. आता घिस्सा खालपासून वरपर्यंत एका दमात चढतो.