जुन्या डिझेल मोटारीच्या धुराचे निदान

डिझेल मोटारीच्या सायलेन्सरमधून नेहमीपेक्षा जास्त धूर येऊ लागला, की त्याचा रंग, वास आणि येण्याची वेळ यांवरून इंजिनातील बिघाड हुडकण्याची पद्धत. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही वाहनांच्या प्रदूषणाची मानके लागू झाली. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी (डीपीएफ) असते आणि धूर सहसा दिसतच नाही. त्याआधीच्या इंडिका, सुमो, बोलेरो, डिझेल स्विफ्ट अशा बहुतेक गाड्यांत ती नाही. इंजिनात जे बिघडते ते या गाड्यांच्या धुरात उघड दिसते, आणि ही नोंद त्यांच्याविषयीच आहे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन साधारण १७ ते २३ पटींनी दाबतो, ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा तुषार तिच्यात आपोआप पेटतो. हवा पुरेशी हवी, दाब पुरेसा हवा, तुषार बारीक हवा आणि तो अचूक क्षणी पडायला हवा. यांतले एक चुकले तरी धूर होतो. ‘गाडी धूर मारते म्हणजे इंजिन कामाला आले (खोलून दुरुस्त करायची वेळ आली)’ हा निष्कर्ष त्यामुळेच घाईचा आहे. पिस्टन आणि त्याभोवतीच्या कड्या म्हणजे रिंगा यांचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो आणि मूळ दोष फाटलेल्या होजचा (रबरी नळीचा) निघतो, असे पुष्कळदा होते. तपासणी स्वस्त भागापासून महागड्या भागाकडे न्यावी.

काळा धूर सर्वांत जास्त आढळतो. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की ते अर्धवट जळते आणि त्याची काजळी बाहेर पडते. म्हणून आधी हवेची वाट तपासावी. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा, धुळीने माखलेला असेल तर बदलावा. उसाच्या हंगामात किंवा खडी-मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या बराच आधी चोंदतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन असे दोन्ही रबरी होज हाताने चाचपून पाहावेत. होजची चीर टर्बोचा दाब आल्यावरच उघडते. गाडी उभी असताना सारे ठीक वाटते, चढावर पिकअप पडतो, शिट्टीसारखा आवाज येतो आणि मागे काळा लोट उठतो. चिरेभोवती तेलकट डाग असतो, तो शोधावा. ज्या गाड्यांत आत येणारी हवा सेन्सर मोजतो, तिथे ही गळती अधिक फसवी ठरते: मोजलेली हवा वाटेतच निसटते आणि संगणक मात्र तिच्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो.

त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह. जळालेल्या वायूचा काही भाग तो पुन्हा इंजिनात सोडतो. काजळीने तो उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो आणि जोर दिला की धूर वाढतो. व्हॉल्व्ह काढून साफ करणे हाच उपाय. पत्रा लावून तो कायमचा बंद करण्याची चाल गॅरेजांत आहे, पण त्याने नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच.

हवेची बाजू स्वच्छ निघाली की नोझल. त्याचे टोक झिजले तर तुषाराऐवजी थेंब गळतात, धुरासोबत ठोकाही ऐकू येतो. अशा वेळी नोझल आणि त्याला दाबाने डिझेल पुरवणारा पंप हे दोन्ही कॅलिब्रेशनच्या (डिझेलचे माप जुळवून देणाऱ्या) दुकानात यंत्रावर तपासून घ्यावेत. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर वंगण कमी पडून हे दोन्ही भाग लवकर झिजतात. या पंपाचे सील तुटलेले दिसले तर कुणी तरी ‘पॉवर’साठी स्क्रू फिरवून डिझेल वाढवले असण्याची शक्यता दाट असते. मात्र प्रत्येक काळी झाक बिघाड नव्हे. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते. टर्बो नसलेली, माणसांनी भरलेली गाडी पसरणी किंवा आंबेनळी घाट चढताना थोडी काळवंडणारच.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इथे रंगापेक्षा वेळ जास्त सांगते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा लोट आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत झिरपू न देणारी टोपी). गरम इंजिनाला रेस दिल्यावर धूर वाढत गेला, ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून धापा टाकल्यासारखी वाफ येत असेल, तर रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर). उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावरचा निळा झोत म्हणजे व्हॉल्व्ह सील, हा पेट्रोल गाडीचा नियम इथे तितका लागू पडत नाही. जुन्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप बहुधा नसते, त्यामुळे तेल ओढणारी पोकळी जोरदार तयार होत नाही. डिपस्टिकवरच्या खुणेपेक्षा ऑइल जास्त भरले असेल तरी निळा धूर येतो, म्हणून काही खोलण्याआधी ती पट्टी पाहावी.

टर्बोचे सील गेले तर इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइल साचलेले सापडते. टर्बोतून ऑइल परत नेणारी नळी तुंबली तरी हेच दिसते, म्हणून नवा टर्बो घेण्यापूर्वी ती नळी साफ करून पाहावी. हा दोष पुढे ढकलू नये. ऑइल भरपूर आत गेले तर इंजिन त्या ऑइलवरच धावू लागते, वेग आपोआप चढतो आणि चावी काढूनही ते थांबत नाही. अशा वेळी गाडी जागेवर उभी करून ब्रेक घट्ट दाबावा, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. उसळलेल्या इंजिनावर वाकू नये.

पांढऱ्या धुरात वाफ आणि न जळलेले डिझेल हे दोन वेगळे पदार्थ असतात. एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते, म्हणून थंडीतल्या सकाळी थोडी वाफ दिसणे स्वाभाविक आहे आणि ती लगेच विरते. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि रेंगाळतो. तो फक्त गार इंजिनात येत असेल आणि सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर हिटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) तपासावेत. गरम झाल्यावरही येत राहिला तर मागे पडलेले टायमिंग (डिझेल फवारण्याचा क्षण), डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा किंवा कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर पडणारा दाब). इंजिन गरम असतानाही दाट वाफ येते आणि रेडिएटरचे पाणी घटते, तेव्हा हेड गॅस्केटचा (इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय घ्यावा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढून सुरू केल्यास, गॅस्केट गेले असेल तर, पाण्यात सतत बुडबुडे दिसतात. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

दोष कोणत्या सिलिंडरचा, हे जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना) कळते. नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करावेत. ज्यावेळी इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर कमजोर. ज्यावेळी धूर थांबतो, त्याचे नोझल गळते. कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनावर हे कदापि करू नये. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि फवारा कातडीत घुसतो. अशा गाडीत स्कॅनर लावावा आणि प्रत्येक इंजेक्टरचे परत येणारे डिझेल वेगळ्या बाटलीत मोजावे. इंजिन खोलण्याचा निर्णय कॉम्प्रेशन मोजल्यावरच घ्यावा. चांगल्या डिझेल इंजिनात ते बहुधा २५ ते ३० बार भरते, आणि एकाच सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा खूप खाली असणे हे सरासरीपेक्षा बोलके असते.

पीयूसी केंद्रात उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता मोजतात. भारत स्टेज-४ च्या डिझेल गाड्यांना मर्यादा प्रति मीटर १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. गार इंजिनावर घेतलेला आकडा फुगतो, म्हणून गाडी चांगली चालवून गरम झाल्यावरच चाचणीला न्यावी. तीच चाचणी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर केली, तर बदललेल्या भागाने खरेच फरक पडला का, हे दोन आकड्यांत कळते.