निळी स्क्रीन आली म्हणजे व्हायरसच असं नाही

"कॉम्प्युटरची स्क्रीन निळी झाली की व्हायरस शिरला, लगेच फॉरमॅट मारा" हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतोय. घाबरून तसं वाटणं साहजिक आहे. व्हायरसने कधीतरी होतंही, पण बहुतेकदा कारण ड्रायव्हर (प्रिंटर, वायफायसारखे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा रॅम (चालू कामाची मेमरी) असतं.

शेतात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजताय आणि फोन वाजला. 'येतो' म्हणायचं अन् परत वळायचं. गप्पांत रमलात तर वांगी कोळसा. प्रोसेसरला मध्येच मारलेली हाक, म्हणजे इंटरप्ट, असाच. कीबोर्डवर बटण दाबलं, नेटवर्कवरून पॅकेट आलं, की प्रोसेसर हातचं काम सोडून हँडलर, म्हणजे त्या हाकेला उत्तर देणारा छोटा कोड, चालवतो. तिथे डिस्कवर ठेवलेलं मेमरीचं पान (डेटाचा एक तुकडा) रॅममध्ये येईपर्यंत थांबायची मुभा नसते. ड्रायव्हरने नेमक्या अशा, रॅममध्ये नसलेल्या पानाला हात घातला, तर डेटा बिघडू नये म्हणून कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, स्वतःच मशीन थांबवतो. विंडोजवर तेव्हा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं काहीसं दिसतं.

त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढा. कधीकधी खाली ड्रायव्हरच्या फाइलचं नावही असतं. मग मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे मोजकेच ड्रायव्हर चढतात, म्हणून मशीन टिकलं तर संशय नंतर टाकलेल्या ड्रायव्हरवर. दरवेळी त्या ओळीतला कोड वेगळा? आधी रॅमची चाचणी घ्या. खराब रॅम फॉरमॅटने सुधारत नाही, लग्नाचे फोटो मात्र जातात.