भिशी

भिशी : ओळखीतल्या ठरावीक माणसांनी ठरलेल्या दिवशी सारखी रक्कम गोळा करायची आणि जमलेले सगळे पैसे दर वेळी त्यांच्यातल्याच एकाने उचलायचे, असा बचतीचा आणि उसनवारीचा एकत्र व्यवहार. प्रत्येकाची पाळी एकदा येऊन गेली की भिशी संपते, आणि बहुधा पुढच्याच महिन्यात त्याच मंडळींची नवी सुरू होते. उत्तर भारतात हिला बीसी किंवा कमिटी म्हणतात, केरळात चिट्टी किंवा कुरी. घानातली सुसू, मेक्सिकोतली तांदा, इंडोनेशियातली अरिसान, इथिओपियातली इकुब ही हिचीच भावंडे. जपानमध्ये अशाच व्यवहारातून मुजिन कंपन्या निघाल्या आणि १९५१ च्या कायद्यानंतर त्यांच्या रीतसर बँका झाल्या.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये या व्यवहाराला शेतीप्रधान समाजातून व्यापारी अर्थव्यवस्थेकडे जाताना लागणारी मधली पायरी म्हटले. बँका आल्या की तिची गरज संपेल, असा त्यामागचा अंदाज होता. महाराष्ट्रात तो खरा ठरलेला दिसत नाही. शिक्षकांच्या खोलीत, सोसायटीत, भाजी मंडईत भिशी चालते आणि बँकेत नोकरी करणारेही ती लावतात. ज्यांना खाते उघडता येत नाही त्यांचीच ही सोय असती, तर असे झाले नसते.

हिशोब अगदी सोपा असतो. बारा जणींची भिशी, महिना दोन हजार. दर महिन्याला चोवीस हजार जमतात. पहिला नंबर लागला तिने दोन हजार भरून चोवीस हजार नेले, म्हणजे तिला बावीस हजारांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. ते ती पुढच्या अकरा हप्त्यांत फेडते. शेवटचा नंबर असलेली वर्षभर नुसती भरत राहते. तेच पैसे तिने साडेसहा टक्के दराच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर वर्षाअखेर सुमारे साडेआठशे रुपये व्याज मिळाले असते. ते तिने सोडले. मधल्या नंबरांचे निम्मे कर्ज, निम्मी बचत. मग शेवटची का येते? तिला एकटीने चोवीस हजार साठवायला बारा महिनेच लागले असते, म्हणजे वेळेचा तोटा तिलाही नाही. बाकी अकरा जणींच्या हाती मात्र रक्कम आधी पडते. सोडतीने नंबर लागत असतील तर बाराही जणींची सरासरी साडेसहा महिने. टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लॉरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हेच गणित सिद्धांतात मांडले. शिलाई मशीन, फ्रिज, दुचाकीची सुरुवातीची रक्कम अशा तुकड्यांत घेता न येणाऱ्या वस्तूंसाठी हा मार्ग का निवडला जातो, ते त्यातून कळते.

पण व्याजाचा हिशोब करून भिशीत शिरणारे फार थोडे. घरात ठेवलेला पैसा मोडतो, हे खरे कारण. आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर बँक थोडा दंड लावते आणि गप्प बसते. भिशीचा हप्ता चुकला तर संध्याकाळी शेजारीण दारात उभी असते. या सक्तीसाठी साडेआठशे रुपये सोडणे अनेकांना परवडते. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. स्वतःसाठी बाजूला टाकलेले पैसे घरातले कोणीही मागू शकते, पण ‘भिशीचे द्यायचेत’ म्हटल्यावर ते पैसे दुसऱ्यांचे होतात आणि नवऱ्यालाही हात आवरावा लागतो. सिवान अँडरसन आणि ज्याँ-मारी बालाँ यांनी नैरोबीतल्या किबेरा वस्तीचा अभ्यास करून २००२ मध्ये हेच कारण पुढे ठेवले होते. आपल्याकडच्या कोणत्याही चाळीत ते अभ्यासाशिवाय माहीत आहे.

सोडतीची रीत ठिकाणागणिक थोडी बदलते. नेहमीची अशी : ज्यांचे नंबर लागायचे आहेत त्यांची नावे कागदाच्या सारख्या तुकड्यांवर लिहून, सारख्या घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकतात, डबा हलवतात आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला एक घडी उचलायला लावतात. ‘नंबर लागला’ किंवा ‘भिशी लागली’ हे शब्द इथलेच. शंभर पानी वहीत उभी नावे, आडवे महिने. हप्ता आला की चौकोनात टिक, भिशी उचलली की त्या चौकोनाला लाल गोल. अनेक घरांत कित्येक वर्षांचा सगळा हिशोब अशा दोन-तीन वह्यांत मावतो. आता हप्ते मोबाइलवरून येतात आणि चालकाच्या, म्हणजे भिशी चालवणाऱ्याच्या, व्हॉट्सॲपवर पावत्यांचे फोटो पडतात, तरी वही सुटलेली नाही.

सोडत असली तरी नंबरांची अदलाबदल चालते, आणि भिशीतली खरी माणुसकी किंवा खरे राजकारण तिथे दिसते. जूनमध्ये शाळेची फी, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई या महिन्यांना मागणी असते. कोणाच्या घरी दवाखाना निघाला तर ज्याचा नंबर लागला तो आपणहून मागे सरतो. काही भिशांत क्रम आधीच ठरवतात : पहिली उचल चालकाची, कारण बुडाले तर निस्तरायचे त्याला, नवा माणूस शेवटी, कारण त्याची पारख व्हायची आहे. हा नियम वरवर उद्धट वाटतो, पण सभासदांकडून भिशीला एकच धोका असतो आणि तो म्हणजे पैसे उचलून पुढचे हप्ते बुडवणारा माणूस. शेवटच्या नंबरवाल्याला तो मोह होण्याचे कारणच नसते.

बोलीची भिशी हा वेगळा प्रकार : जमलेल्या पैशातून जो जास्तीत जास्त रक्कम सोडायची बोली लावतो, त्याला उचल मिळते. व्यापारी, दुकानदार आणि छोटे ठेकेदार तो पसंत करतात. समजा वीस जण महिना पाच हजार भरतात आणि लाख रुपये जमतात. तिसऱ्या महिन्यात ज्याला नड आहे तो अठरा हजार सोडायला तयार होतो आणि ब्याऐंशी हजार घेऊन जातो. सोडलेले अठरा हजार वीस जणांत वाटले की प्रत्येकाच्या हप्त्यातून नऊशे कमी होतात. चालक कमिशन घेत असेल तर ते आधी वजा. यात शेवटपर्यंत थांबणाऱ्याला फायदा आणि नडलेल्याला भुर्दंड, म्हणजे व्याज आहेच, फक्त त्याचा दर कुठे लिहिलेला नसतो. तिसऱ्या महिन्यात सोडलेले अठरा हजार आणि पंधराव्या महिन्यात सोडलेले अठरा हजार यांत मोठा फरक आहे. पंधराव्या महिन्यात तो मुख्यतः स्वतःचेच पैसे उचलत असतो आणि थोड्याशा कर्जासाठी तेवढीच रक्कम सोडतो. पुष्कळांच्या हे लक्षात येत नाही. बोली लावताना गरम डोक्याने आकडा चढतो तो वेगळाच.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या भागात भिशी म्हटले की अनेकदा तिसरीच गोष्ट डोळ्यांपुढे येते. दर आठवड्याला प्रत्येकाने शंभर-दोनशे भरायचे, जमलेल्या पैशातून सभासदांना व्याजाने कर्जे द्यायची आणि दिवाळीच्या तोंडावर मुद्दल व व्याज सगळ्यांत वाटून टाकायचे. याला ‘भिशी फुटली’ म्हणतात. यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, तालमीची पोरे अशा भिशा चालवतात. व्याज महिन्याला शेकडा दोन-तीन रुपये असते, म्हणजे वर्षाचे चोवीस ते छत्तीस टक्के. पण घेणारे आणि वाटून घेणारे तेच असल्याने त्याची बोच कमी. बचतगट याच कुळातला. फरक असा की गटाची रक्कम वर्षाअखेर फुटत नाही आणि तिच्या आधारे बँकेचे कर्ज मिळते. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने गट आणि बँकांची ही जोडणी १९९२ मध्ये सुरू केली. रोजची भिशी लावणाऱ्या हातगाडीवाल्यासाठी पिग्मी, म्हणजे एजंटाकडे रोज थोडी थोडी रक्कम भरायची ठेव, हाही पर्याय आहे. सिंडिकेट बँकेने, तेव्हाच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, १९२८ मध्ये काढलेली ही योजना महाराष्ट्रात आज मुख्यतः पतसंस्थांच्या एजंटांमुळे ओळखीची आहे.

कायद्याच्या नजरेत नाव भिशी असो वा चिट्टी, १९८२ चा चिट फंड कायदा अशा व्यवहारांना लागू होतो. चालकाने राज्य सरकारची आधी परवानगी घ्यायची, भिशीची नोंदणी करायची, तारण ठेवायचे. मूळ कायद्यात फक्त शंभर रुपयांपर्यंतच्या भिशीला सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्याच दुरुस्तीने चालकाचे कमाल कमिशन पाचवरून सात टक्के केले, व्यक्तीने चालवायच्या चिटची कमाल मर्यादा एक लाखावरून तीन लाख केली आणि व्यवहाराचे नाव बदनाम झाले म्हणून ‘बंधुता निधी’ अशा अर्थाची पर्यायी नावेही मान्य केली. बदनामीचे एक कारण म्हणजे वर्तमानपत्रे कोणत्याही बुडालेल्या ठेव योजनेला चिट फंड म्हणतात. २०१३ मध्ये कोसळलेला बंगालचा शारदा समूह कायद्याच्या अर्थाने चिट फंड नव्हताच. साखळीने सभासद जोडणाऱ्या योजनांवर १९७८ पासून वेगळी बंदी आहे, आणि ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा वापरला जातो. केरळात उलट चित्र आहे : १९६९ पासून सरकारच्या मालकीची कंपनी, केरळ स्टेट फायनान्शियल एंटरप्रायझेस, त्रिशूरहून चिट्ट्या चालवते. आपल्याकडे बहुतेक घरगुती भिशा कुठेच नोंदलेल्या नसतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, भिशीला काही नाही. सभासद वारला तर वारस कोण, हेही लिहिलेले नसते. एका ओळीचा कागद सगळ्यांच्या सह्यांनी केला तर निम्मे तंटे टळतील, पण तो मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे अशी समजूत आहे.

भिशी बुडते तेव्हा ती क्वचितच एका हप्त्याने बुडते. चालक एकाऐवजी तीन भिशा घेतो, एकीतले पैसे दुसरीत फिरवतो, मग परगावची, ओळखीच्या ओळखीतली माणसे जोडतो. सभासद एकमेकांना तोंडाने ओळखत नाहीत तिथे दारात उभ्या राहणाऱ्या शेजारणीचा धाक संपतो. ‘दुप्पट मिळेल’ हे शब्द ज्या भिशीत ऐकू येतात ती भिशी राहिलेलीच नसते, कारण भिशीत सगळ्यांनी भरलेल्यापेक्षा एक रुपयाही जास्त निघत नाही. घराची पुंजी वाढवायची तर भिशीकडून त्याची अपेक्षा करू नये. ती रक्कम एकत्र करून देते, पुढे तिची वाढ करणे हे दुसऱ्याच साधनाचे काम. चोवीस हजार उचलून आणले त्या आठवड्यात त्यांतले पंधरा हजार मुदत ठेवीत किंवा सुकन्या समृद्धी खात्यात गेले तर ते टिकतात. महिनाभर कपाटात राहिले तर पुन्हा मोडतात. नंबर लागण्याआधीच पैसा कुठे जायचा ते ठरवणारी घरे भिशीचा चांगला उपयोग करतात. डोक्यावर महागडे कर्ज असेल तर पहिल्या उचलीने ते फेडणे हा सगळ्यांत फायद्याचा वापर, कारण शेकडा तीनचे व्याज बिनव्याजी पैशाने मिटते.

सोन्याची भिशी हे नाव सराफांच्या हप्ता योजनांनाही दिले जाते, पण तिथे पाळी नसते, ग्राहक आणि दुकान एवढाच व्यवहार. या योजना बहुधा दहा-अकरा महिन्यांच्या असतात. २०१४ च्या कंपनी नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव ठरते. साडीची, भांड्यांची भिशीही अशीच दुकानाशी बांधलेली. शहरातल्या मध्यमवर्गीय बायकांत जेवणाची भिशी मात्र अजून घट्ट आहे. जिचा नंबर लागला तिच्या घरी पुढच्या महिन्यात सगळ्या जमतात. अशी एक भिशी मी जवळून पाहिली आहे. हप्ता कित्येक वर्षांपूर्वी पाचशे ठरला तो अजून पाचशेच आहे, सभासद दहा, आणि पाच हजार उचलणारी बाई त्या दुपारी वड्या, मसालेभात, मठ्ठा आणि आइस्क्रीम यांवर त्यातले निम्मे तरी खर्च करते. हप्ता वाढवावा असे कोणी सुचवले की विषय बदलतो.