डीडुप्लिकेशन (साठवण प्रणालींतील)

एकच डेटा साठवण प्रणालीत अनेक ठिकाणी आलेला असल्यास त्याची एकच प्रत डिस्कवर ठेवून उरलेल्या ठिकाणी केवळ तिचा पत्ता नोंदवण्याच्या तंत्रास डीडुप्लिकेशन म्हणतात. मोठ्या संस्थांच्या डेटा सेंटरमध्ये रोज घेतल्या जाणाऱ्या पूर्ण बॅकअपचा बहुतांश भाग आदल्या दिवशीचाच असतो, तसेच शेकडो व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी असतात. अशा ठिकाणी हे तंत्र सर्वाधिक फळते. व्हिडिओ, आधीच कॉम्प्रेस केलेल्या फाइल किंवा एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेला) डेटा यांत मात्र त्याचा उपयोग नगण्य असतो. एन्क्रिप्शन करायचेच असल्यास ते डीडुप्लिकेशननंतर करावे लागते, कारण वेगवेगळ्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट झालेले समान तुकडे प्रणालीला समान दिसत नाहीत.

डेटाचे तुकडे करून प्रत्येकाचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ओळखक्रमांक) काढला जातो आणि तो हॅश अनुक्रमणिकेत आधीपासून असल्यास तुकडा पुन्हा लिहिला जात नाही. ठरावीक आकाराचे तुकडे पाडणे सोपे असते. परंतु फाइलच्या आरंभी एक बाइट जरी घातला, तरी पुढच्या सर्व तुकड्यांच्या सीमा सरकतात आणि त्यानंतर एकही हॅश जुळत नाही. यावर उपाय म्हणून मजकुरावरूनच सीमा ठरवण्याची पद्धत आली. मायकेल राबिन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या फिंगरप्रिंटचा (हॅशसारख्याच ओळखखुणेचा) असा वापर २००१ च्या एलबीएफएस या फाइल प्रणालीत झाला. २००२ मध्ये बेल लॅब्समधील शॉन क्विन्लन व शॉन डॉरवर्ड यांनी व्हेंटी या संग्रहप्रणालीत ब्लॉकचा (तुकड्याचा) एसएचए-१ या पद्धतीने काढलेला हॅश हाच त्याचा पत्ता मानला.

व्यवस्थापनाची खरी कसोटी अनुक्रमणिकेच्या आकारमानात असते. झेडएफएस या फाइल प्रणालीत २००९ साली डीडुप्लिकेशनची सोय आली, तेव्हा दर नोंदीस मेमरीत सुमारे ३२० बाइट लागत. १२८ केबीच्या ब्लॉकने १ टीबी डेटा ठेवल्यास ८० लाखांहून अधिक नोंदी होतात आणि सुमारे अडीच जीबी मेमरी खर्ची पडते. ब्लॉक ८ केबीचा घेतल्यास हाच आकडा ४० जीबीवर जातो. अनुक्रमणिका मेमरीत मावेनाशी झाली की प्रत्येक लेखनासाठी डिस्कवर शोध घ्यावा लागतो व प्रणाली रेंगाळते. डेटा डोमेन या साठवण कंपनीच्या अभियंत्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, मेमरीतील ब्लूम फिल्टर (एखादा हॅश नक्कीच नवा आहे का, हे थोड्या जागेत सांगणारी रचना) आणि एकापाठोपाठ आलेले तुकडे डिस्कवरही शेजारी ठेवणे यांच्या आधारे असे सुमारे ९९ टक्के शोध टाळता येतात.

डीडुप्लिकेशन लेखनाच्या वेळीच करावे की नंतर, हा निर्णय प्रशासकाला घ्यावा लागतो. पहिल्या पद्धतीत जागा लगेच वाचते, पण प्रत्येक लेखनावर भार येतो. दुसऱ्या पद्धतीत, उदाहरणार्थ विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये, डेटा आधी जसाच्या तसा उतरतो आणि कमी वर्दळीच्या वेळी त्यावर प्रक्रिया होते. तोपर्यंत पुरेल इतकी मोकळी जागा राखावी लागते आणि हे काम बॅकअपच्या वेळेवर येणार नाही, असे वेळापत्रक आखावे लागते.

मोकळ्या जागेचा हिशेबही येथे बदलतो. एखाद्या तुकड्याकडे निर्देश करणारी शेवटची नोंद जाईपर्यंत तो तुकडा पुसता येत नाही. म्हणून भरत आलेल्या व्हॉल्यूमवरून (साठवण विभागावरून) मोठी फाइल काढली तरी रिकामी जागा जराही न वाढल्याचे दिसते, आणि निराधार (कोणतीही नोंद निर्देश करत नाही असे) तुकडे गोळा करणारे काम पूर्ण झाल्यावरच फरक पडतो. विक्रेते सांगतात त्या गुणोत्तरांनीही भुलू नये : १०:१ म्हणजे ९० टक्के बचत, तर २०:१ म्हणजे ९५ टक्के, गुणोत्तर दुप्पट झाले तरी बचत पाचच टक्क्यांनी वाढते.

एक तुकडा बिघडल्यास त्यावर विसंबलेल्या सर्व फाइल बिघडतात. त्यामुळे नियमित तपासणी आणि स्वतंत्र उपकरणावरील दुसरी प्रत टाळता येत नाही. दोन भिन्न तुकड्यांचा हॅश योगायोगाने एकच येण्याची शक्यता अत्यल्प असते. तथापि २०१७ मध्ये एसएचए-१ ची अशी जोडी मुद्दाम घडवून दाखवण्यात आली, आणि नेटअ‍ॅप या कंपनीच्या साठवण प्रणालींसारख्या प्रणाली हॅश जुळल्यानंतरही ब्लॉक बाइटनिहाय ताडून पाहतात. काळाच्या ओघात तुकडे विखुरतात, तेव्हा ताज्या बॅकअपचेच रिस्टोअर (डेटा परत मिळवणे) सर्वांत मंद होऊ शकते. ही सोय बंद करताना किंवा डेटा अन्य प्रणालीवर नेताना तो मूळ आकारात परत येतो. तेव्हा १०:१ ने दाबलेल्या १० टीबीसाठी १०० टीबी जागा आधीच हाताशी असावी लागते.