जीबी न्यूज

ब्रिटनमधील उजव्या कलाची वृत्तवाहिनी. प्रसारणास १३ जून २०२१ रोजी प्रारंभ. ज्येष्ठ पत्रकार अँड्र्यू नील हे वाहिनीचे पहिले अध्यक्ष आणि मुख्य चेहरा. पण आवाज आणि चित्र यांचा मेळ बसत नसलेल्या त्या सुरुवातीनंतर तीन महिन्यांतच ते बाहेर पडले. तोपर्यंत ब्रेक्झिटचे पुरस्कर्ते राजकारणी नायजेल फराज दाखल झाले होते. पुढे हुजूर पक्षाचे विद्यमान खासदारही निवेदकाच्या खुर्चीत बसू लागले आणि वाहिनीचा राजकीय चेहरा ठरून गेला. वाहिनी तोट्यात चालली, तरी लेगाटम ही गुंतवणूक संस्था आणि हेज फंडाचे मालक पॉल मार्शल यांनी तिच्यात पैसा ओतला.

ब्रिटनमध्ये वृत्तपत्राने उघडपणे एखाद्या पक्षाची बाजू घ्यावी, त्याला कोणी हरकत घेत नाही. दूरचित्रवाणीला ती मोकळीक नाही. २००३ च्या दळणवळण कायद्यानुसार ऑफकॉम हा नियामक प्रसारण संहिता तयार करतो. बातम्या आणि वादग्रस्त राजकीय विषय यांबाबत ‘यथोचित निःपक्षपात’ पाळावा, असे तिचे बंधन आहे. यथोचित याचा अर्थ दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखा वेळ, असा नव्हे. विरुद्ध मत प्रेक्षकापर्यंत पोहोचले पाहिजे, एवढेच. नियमभंग गंभीर असेल तर दंड होतो. टोकाच्या प्रकरणात परवानाही जातो.

पहिला ठपका निःपक्षपाताचा नव्हता. वाहिनीचे निवेदक मार्क स्टाइन यांनी एप्रिल २०२२ मध्ये कोविड लशीच्या तिसऱ्या मात्रेविषयी सरकारी आकडे दाखवून निष्कर्ष काढले. आकडे खरे होते. पण ज्या दोन गटांची तुलना केली त्यांच्या वयातील आणि प्रकृतीतील फरक सांगितलाच नव्हता. प्रेक्षकांची दिशाभूल झाली, असा निर्णय ऑफकॉमने मार्च २०२३ मध्ये दिला.

त्याच महिन्यात वेगळेच प्रकरण घडले. एस्थर मॅक्वे आणि फिलिप डेव्हिस हे पतिपत्नी, दोघेही तेव्हा हुजूर पक्षाचे खासदार. अर्थसंकल्प चार दिवसांवर असताना त्यांनी आपल्याच पक्षाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांची मुलाखत घेतली. विरोधी मत जवळजवळ नव्हतेच. हा नियमभंग ठरला, आणि तो ठरवायला फारशी कायदेशीर कसरत करावी लागली नसावी.

खरी गुंतागुंत हुजूर पक्षाचे तेव्हाचे खासदार जेकब रीस-मॉग यांच्या कार्यक्रमामुळे झाली. संहितेनुसार राजकारणी व्यक्तीला वृत्तकार्यक्रमात, अपवादात्मक कारण असल्याशिवाय, वृत्तनिवेदक होता येत नव्हते. चालू घडामोडींवरील चर्चा मात्र चालवता येत होती. ९ मे २०२३ रोजी चर्चेच्या कार्यक्रमात रीस-मॉग यांनी न्यूयॉर्कमधील ट्रम्प यांच्याविरुद्धच्या दिवाणी खटल्याच्या निकालाची ताजी बातमी दिली. तेवढ्या वेळापुरते ते वृत्तनिवेदक झाले, असे ऑफकॉमचे म्हणणे. वाहिनी न्यायालयात गेली. एकच कार्यक्रम एकाच वेळी वृत्तकार्यक्रम आणि चालू घडामोडींचा कार्यक्रम असू शकत नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीस-मॉग यांच्याविषयीचे दोन निर्णय बेकायदेशीर ठरवले. संहितेच्या शब्दांकडे पाहता दुसरा निकाल लागणे कठीणच होते.

तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या फेब्रुवारी २०२४ मधील तासाभराच्या कार्यक्रमाचे प्रकरण या निकालाहून वेगळे. प्रश्न मतदारांचे होते आणि ते वाहिनीने आधी पाहिलेले नव्हते. ऑफकॉमचा आक्षेप या स्वरूपावर नव्हता. सुनक यांच्या उत्तरांना प्रतिप्रश्न नाही, इतर पक्षांचे मत नाही, निवडणूक त्याच वर्षी अपेक्षित. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये १ लाख पौंडांचा दंड झाला. हा आपल्याला गप्प करण्याचा प्रयत्न आहे, अशी वाहिनीची भूमिका राहिली. टीकाकारांची तक्रार उलटी: ऑफकॉम या वाहिनीला सांभाळून घेतो.

रीस-मॉग निकालानंतर ऑफकॉमने तशाच स्वरूपाचे इतर निर्णय मागे घेतले. नंतर त्याने नियमच बदलण्याचा प्रस्ताव मांडला: कार्यक्रम कोणत्याही प्रकारचा असो, राजकारण्याने बातम्या वाचू नयेत.